उसण आणि उसनवारी

(सरांच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर. छापताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



गोल्फ खेळणाऱ्यांची कंबरदुखी आणि तिच्यावरचे शस्त्रक्रियेविना उपचार, हा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. "विषय चांगला आहे हो, पण आपल्याकडे गोल्फ खेळतं कोण?" प्रश्न रास्त होता. या सभागृहात गोल्फची काठी हातात धरलेले पाच जण निघाले तरी पुष्कळ झाले. पण कंबर धरून अंथरुणातून उठलेले किती, असं विचारलं तर वर आलेले हात मोजता येणार नाहीत. मला बोलायचं आहे ते या हात वर करणाऱ्यांशी. गोल्फ हे निमित्त. ते का निवडलं, ते आधी सांगतो.

कबड्डीत कंबर दुखावली तर कुणाची तरी पकड कारणीभूत असते. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाला खेळपट्टी, षटकं, वेळापत्रक अशी कारणं सापडतात. गोल्फमध्ये अंगावर कुणी येत नाही. चेंडू जमिनीवर शांत पडलेला असतो, खेळणारा त्याच्याजवळ हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. आणि तरीही जगभर गोल्फपटूंच्या दुखापतींच्या यादीत कंबर अगदी वरच्या क्रमांकावर असते. म्हणजे इथे जे काही बिघडतं, ते माणसाच्या स्वतःच्या एका हालचालीतून. कंबर का दुखते याचा शोध घ्यायला इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे. अशा मैदानांवरून माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक खेळणारे साहेब, दुसरे त्यांची पिशवी वाहणारे कॅडी. दोघांच्याही कंबरेत पाच मणके आणि त्यांच्यामधल्या गाद्या सारख्याच. या दोघांचीही गोष्ट सांगणार आहे.

आधी ही हालचाल समजून घेऊ. खेळणारा काठी मागे नेतो, त्याला साधारण पाऊण सेकंद लागतो. खाली आणायला पाव सेकंद. तेवढ्या वेळात काठीचं टोक हौशी पुरुष खेळाडूच्या हातातही ताशी १४०-१५० किलोमीटरच्या आसपास वेग घेतं. हे होताना कंबर एकाच वेळी दाबली जाते, पुढे सरकवली जाते, एका कुशीला वाकवली जाते आणि पिळली जाते. अमेरिकेत १९९०च्या सुमारास याचं मोजमाप झालं. फटक्याच्या क्षणी कंबरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो, असं त्यात दिसलं. धावताना तो साधारण तिप्पट असतो. सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब तुम्हीच करा. साडेपाच क्विंटल, क्षणभरासाठी. आणि एका फेरीत सराव धरून शंभरावर वेळा.

आता गादी. दोन मणक्यांमधली ही चकती म्हणजे आत पाणीदार मऊ गर आणि त्याभोवती चिवट धाग्यांची वर्तुळं, एकात एक पंधरा-वीस थर. एका थरातले धागे डावीकडे तिरपे, पुढच्या थरातले उजवीकडे तिरपे. खाटेची नवार आठवा. नुसतं वजन पडलं तर सगळे धागे मिळून ते पेलतात. पीळ बसला की एका बाजूचे तिरपे धागे ताणले जातात आणि दुसऱ्या बाजूचे सैल पडतात, म्हणजे निम्मेच कामाला. त्यात माणूस पुढे वाकलेला असेल तर गर मागे रेटला जातो. मागच्या कोपऱ्यात, जिथून पायाची नस बाहेर पडते, तिथे धागे उसवतात आणि गर डोकावतो. यालाच आपण "गादी सरकली" म्हणतो. खरं तर गादी जागची हलत नाही, तिच्यातला गर बाहेर येतो. बहुतेक वेळा हे सगळ्यात खालच्या दोन गाद्यांमध्ये घडतं.

१९३४ साली बोस्टनच्या मिक्सटर आणि बार या दोन डॉक्टरांनी पायात उतरणारी कळ आणि फुटलेली गादी यांचा संबंध शोधनिबंधात मांडला. नस दाबणारा तुकडा काढला की कळ जाते, हे त्यांनी दाखवून दिलं. शोध मोठा होता. पण त्यानंतरची पन्नास वर्षं डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही मनात एक चित्र पक्कं बसलं: गादी बिघडली, काढून टाका. पुढे एमआरआय आला, तेव्हा त्या चित्राला प्रत्यक्ष छायाचित्र मिळालं.

माझ्याकडे येणारे रुग्ण खुर्चीत टेकायच्या आधी कापडाच्या दुकानाची मोठी पिशवी टेबलावर ठेवतात. तिच्यातून फिल्म निघते. "मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय, ऑपरेशन सांगितलंय." आमचे शिक्षक असलेले सर काय करायचे, ते इथल्या काही जणांना आठवत असेल. ते फिल्म उलटी करून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, जरा दारापर्यंत चालून दाखवा. त्या काळी आम्हा विद्यार्थ्यांना हा तऱ्हेवाईकपणा वाटायचा. त्यामागचं शहाणपण आकड्यांत पुढे आलं. १९९४मध्ये अमेरिकेत ९८ जणांचा एमआरआय काढला गेला. यातल्या कुणालाच कंबरदुखी नव्हती. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका गादीला फुगवटा होता, २७ टक्क्यांची गादी त्याहून पुढे आलेली होती. २०१५मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसते, ऐंशीच्या घरात ९६ टक्के लोकांत. केस पांढरे होतात, तशीच गादी कोरडी होते. फिल्म खोटं बोलत नाही. पण दुखणारा माणूस आणि न दुखणारा माणूस यांच्या फिल्म शेजारी ठेवल्या तर पुष्कळदा ओळखता येत नाहीत, एवढं ध्यानात ठेवावं.

दुसरी गोष्ट बऱ्याच रुग्णांना खरी वाटत नाही. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच खाऊन टाकतं. गादीला रक्तपुरवठा जवळपास नसतोच. त्यामुळे आतला गर बाहेर आला की शरीराला तो परका वाटतो. तिथे नव्या रक्तवाहिन्या येतात, पेशी येतात आणि तो तुकडा हळूहळू विरघळवतात. यात गंमत अशी की फिल्ममध्ये जितकं भयंकर दिसतं तितकी विरघळण्याची शक्यता जास्त. पूर्ण सुटून पडलेला तुकडा बहुतेकांत आकसतो, नुसता फुगवटा मात्र क्वचितच. फिल्म बघून जो सगळ्यात जास्त घाबरलेला असतो, त्याला पुष्कळदा धीर सगळ्यात खात्रीने देता येतो.

मग शस्त्रक्रिया नकोच का? तसं मी म्हणणार नाही. हॉलंडमधल्या २००७च्या एका अभ्यासाचं उदाहरण घेतो. पायात तीव्र कळ असलेले २८३ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला औषधं, सल्ला आणि थांबणं. शस्त्रक्रियेच्या गटाची कळ लवकर गेली. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. पण वर्ष संपताना दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. याचा अर्थ मी असा लावतो की, नेहमीच्या रुग्णाला शस्त्रक्रियेतून मिळतो तो वेळ. कळ सोसवत नसेल, नोकरी जात असेल, तर त्या वेळेची किंमत मोठी आहे आणि ती मोजण्यात कमीपणा नाही. ज्याला थांबणं परवडतं, त्याने थांबावं. मात्र थांबणं म्हणजे झोपून राहणं नव्हे.

आपल्या आजीच्या काळात कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे. तो पाठीला पाय लावायचा आणि दोन-चार दिवसांत माणूस हिंडू लागायचा. श्रेय पायाळूला जायचं. उसण तशीही त्याच मुदतीत ओसरते. पण त्या प्रथेत एक गोष्ट बरी होती, माणूस झोपून राहत नसे. पुढे डॉक्टरांनी त्याला झोपवलं. फळीवर तीन आठवडे, पायाला वजनं बांधून. १९८६मध्ये अमेरिकेत दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती तोलून पाहिली, तेव्हा सात दिवसांनी जास्त काही पदरात पडलं नाही. १९९५मध्ये हेलसिंकीत तर कंबरेची नवी कळ घेऊन आलेल्यांत आपली रोजची कामं झेपतील तशी चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि रुग्णाला समजावून सांगणं यांवर भर आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावणं या दोन गोष्टी नेहमीच्या उपचारात नकोत, असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे मात्र घरटी एक पट्टा खुंटीला लटकतोय.

उपचारांचा क्रम सांगतो. पहिले काही दिवस कळ शमवायची. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी, शेक, गुडघ्यांखाली उशी घेऊन थोडा वेळ पडणं आणि दर तासाला पाच-दहा मिनिटं चालणं. मग कंबरेला कोणती दिशा मानवते ते शोधायचं. याचा शोध अपघाताने लागला. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने एका रुग्णाला आतल्या टेबलावर पालथं पडायला सांगितलं. आधीच्या रुग्णासाठी टेबलाचं डोक्याकडचं टोक वर उचललेलं होतं, ते तसंच राहून गेलं होतं. मॅकेन्झी परत आला तर हा गृहस्थ पाठ मागे वाकवून पडलेला. त्या काळात हे अघोरीच मानलं जाई. रुग्ण मात्र म्हणाला, इतक्या आठवड्यांत आज पहिल्यांदा पायातली कळ गेली.

तेव्हापासून आम्ही पालथं झोपवून, कोपरांवर उठवून, मग हळूहळू भुजंगासनासारखं वर उचलवून बघतो. लक्ष ठेवायचं ते कळेच्या टोकाकडे. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कुल्ल्यात, तर ती माघारी फिरली. अशा वेळी कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट कळ खाली उतरली तर तिथेच थांबायचं. हा व्यायाम सगळ्यांचा नव्हे. साठी-सत्तरीत मणक्यातली नळी अरुंद झालेल्यांना मागे वाकून त्रास होतो, पुढे वाकून बरं वाटतं. म्हणून मोबाइलवर बघून केलेलं भुजंगासन हा उपचार होत नाही.

कळ माघारी फिरली की ताकद. पोट, कूस आणि पाठ यांना टिकून राहायला शिकवायचं. रांगण्याच्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय सरळ करायचा, दहा सेकंद, कंबर हलू न देता. मग उलट बाजू. पाठीवर पडून, गुडघे दुमडून झटक्याने धड उचलायचं नाही, त्यात गर पुन्हा मागे रेटला जातो.

आता आजच्या व्याख्यानाच्या शीर्षकाकडे येतो. उसण कळली, उसनवारी कुठली? गोल्फच्या फटक्यात खांदे जवळपास ९० अंश वळतात. कंबरेचे पाचही मणके मिळून वळतात किती? साधारण १०-१२ अंश. घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत सरकतो तेवढं. बाकीचं वळण खुब्यांनी आणि छातीमागच्या बारा मणक्यांनी द्यायचं असतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे खुबे आखडलेले असतात आणि पाठीला पोक आलेला असतो. ते आपला वाटा देत नाहीत. पण चेंडू तर लांब मारायचा आहे. मग उरलेलं वळण कंबर उसनं देते. रोज थोडं थोडं, परतफेड न होता. एक दिवस तिचं दिवाळं निघतं आणि आपण म्हणतो, कंबर खराब झाली.

एक रुग्ण सांगतो. पन्नाशीतले गृहस्थ, उजव्या हाताने खेळणारे. पालथं झोपवलं, दोन्ही गुडघे काटकोनात दुमडले आणि पावलं बाहेरच्या बाजूला पडू दिली. उजवं पाऊल सहज ४० अंशांपर्यंत गेलं. डावं विसावर अडलं, जणू दाराला कडी होती. उजव्या हाताने खेळणारा फटक्यानंतर डाव्या पायावर फिरतो. डावा खुबा विसावर अडला की पुढचं सगळं कंबरेच्या खाती. २००४मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंची तपासणी झाली तेव्हा हेच दिसलं. ज्यांना कंबरदुखी झाली होती, त्यांचा पुढच्या पायाचा खुबा आत कमी वळत होता. या गृहस्थांच्या कंबरेला मी पुढचे सहा आठवडे फारसा हात लावला नाही. डावा खुबा आणि पाठीचा वरचा भाग सोडवत बसलो.

तुम्हीही आत्ता बघू शकता. खुर्चीत ताठ बसा, गुडघे एकमेकांना टेकवा आणि पावलं बाहेर न्या. डावी-उजवी सारखी जातात का? बघा, मागच्या रांगेत हसू फुटलं. म्हणजे कुणाला तरी आपली उधारी सापडली.

खेळातही बदल करावे लागतात. या गृहस्थांना सांगितलं, डावं पाऊल थोडं बाहेर वळवून उभे राहा, म्हणजे खुब्याला मोकळीक मिळेल. काठी मागे नेताना डावी टाच उचलू द्या. जॅक निकलस टाच उचलूनच खेळायचा, त्याची १८ मोठी विजेतेपदं काही कमी झाली नाहीत. फटका संपताना कंबर मागे धनुष्यासारखी न ताणता सरळ उभे राहा. होलमधला चेंडू काढताना एका हाताने काठीवर भार घ्या, मागचा पाय हवेत उचलून पुढे झुका. परतायचं तेही पायरीपायरीने: आधी होलजवळच्या हिरवळीवरचे हलके फटके, मग छोटे, मग मधले, ड्रायव्हर ही लांब फटक्यांची काठी सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पायात कळ नसेल तरच पुढची पायरी.

आणि सकाळ. रात्रभर पडून राहिल्यावर गादी पाणी पिऊन फुगते. सकाळी आपली उंचीही सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते. अशा टम्म गादीवर वाकणं बाधतं. हे गृहस्थ पहाटे पाचला उठून बूट बांधायचे, ठाण्याहून चेंबूरपर्यंत गाडीत बसून यायचे आणि उतरल्या उतरल्या ड्रायव्हर फिरवायचे. मी त्यांना पंधरा मिनिटं लवकर यायला आणि आधी चालायला सांगितलं. जे उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरायला वाकतात किंवा थेट सूर्यनमस्काराला लागतात, त्यांनाही हेच लागू. गादी दुखत असेल तर तासभर दम धरा.

आता कॅडी. बारा-पंधरा किलोची पिशवी एका खांद्यावर आणि अठरा होलची सात-आठ किलोमीटरची चाल. त्यालाही उसण भरते. तो फिल्म आणत नाही, तिसऱ्या दिवशी मैदानावर हजर होतो, कारण रोजगार बुडतो. चालत राहण्यामुळे तो पुष्कळदा साहेबांच्या आधी बरा होतो, हे मी पाहिलं आहे. पण म्हणून त्याची गरिबी औषधी ठरत नाही. चालणं त्याला बरं करतं आणि खांद्यावरची पिशवी पुन्हा पाडते. दोन खांद्यांचे पट्टे किंवा ढकलायची गाडी एवढं मिळालं तरी त्याचा निम्मा उपचार झाला. ते क्लबांनी आणि साहेबांनी मनावर घ्यायचं आहे.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं आणि दुबळेपणा वाढत चालला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे शस्त्रक्रिया पाय आणि लघवीवरचा ताबा वाचवते. ताप, अकारण घटणारं वजन किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तरीही आधी डॉक्टर.

शेवटी दोन खेळाडू. टायगर वूड्सच्या कंबरेवर २०१४ ते २०१७ या काळात चार शस्त्रक्रिया झाल्या. चौथ्या वेळी मणके जोडले गेले आणि २०१९मध्ये तो मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा जिंकला. पुढे त्याला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावं लागलं. दुसरा फ्रेड कपल्स, १९९२चा मास्टर्स विजेता. १९९४मध्ये त्याची कंबर कोलमडली. त्यानंतर फिजिओथेरपिस्टचे हात, व्यायाम आणि सरावाला कात्री, असा संसार त्याने वर्षानुवर्षं केला. २०२३च्या मास्टर्समध्ये पहिल्या दोन फेऱ्यांच्या चाळणीतून तो पार झाला, तेव्हा ६३ वर्षांचा होता. त्या स्पर्धेत चाळणी पार करणारा तो तोवरचा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण दुखऱ्या कंबरेनेही म्हातारपणापर्यंत खेळता येतं, एवढं दुसऱ्यावरून कळतं.

मित्रहो, सरांची आठवण काढायची तर माझी एकच विनंती. पुढच्या वेळी घरात कुणाची कंबर धरली तर फिल्मची पिशवी उघडण्याआधी त्याला दारापर्यंत चालवा, खुबे वळतात का ते बघा, आणि घरातला तो पट्टा खुंटीलाच राहू द्या.